देवाला दिलेली मुलगी

आन्स-ओ-बुलो, सागने
१५ ऑक्टोबर १९६१

ती. जर्मेनताईस,
ऑरेलचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्याआधी मदर सुपिरियर वाचणार, म्हणून त्यांनाही नमस्कार. मदर, गेल्या पत्रातल्या बिशपसाहेबांच्या पोटाबद्दलच्या ओळी तुम्ही शाईने खोडल्यात असं ताईने कळवलं. या वेळी तशी मेहनत पडणार नाही. विनोद सुचावा असं घरात काही उरलेलं नाही.

ताई, बाबांना अर्धांगाचा झटका आला. गुरुवारी सकाळी लाकडाच्या गिरणीच्या अंगणात पोतविन मुकादमावर ओरडत होते आणि मध्येच आवाज बंद झाला. पोतविनला आधी वाटलं, मालकांचा राग आज इतक्या लवकर कसा उतरला. मग बाबा फळ्यांच्या थप्पीला टेकून हळूहळू खाली बसले. जीव वाचला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं म्हणजे चिखलातून पाय उपसावा तसा एकेक शब्द. तुला दोन दिवस बोलावून घ्यायचं का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, देवाला दिलेली मुलगी घरी बोलवत नसतात. वर पुन्हा स्वतःच रडत बसली.

गिरणीची मुखत्यारी आता माझ्याकडे आहे. कामगार माझ्याकडे बघतात, मी पोतविनकडे बघतो आणि पोतविन आकाशाकडे. सावारांच्या घरून रोज वाटाण्याचं सूप येतं. त्याचा अर्थ तुला मठात बसूनही कळेल. त्यांची गिरणी आणि आपली एक झाली तर न्यूयॉर्कचे ते टोपीवाले हात हलवत परत जातील. नाहीतर ते आपली गिरणी घेऊन बंद करतील, जंगल तेवढं ठेवतील, आणि गाव पोटासाठी कुठे जाईल ते गावाने बघायचं. गिरण्या एक होण्याचा रस्ता म्हणजे मी आणि ह्युगेत सावार. झटक्यानंतर बाबांच्या तोंडून पहिला पूर्ण शब्द निघाला तो आईचं नाव नव्हतं की देवाचं. ‘ह्युगेत’ म्हणाले.

ती वाईट नाही गं. पत्त्यांत उघड उघड लबाडी करते आणि पकडली गेली की मनापासून हसते. पण सेंत-इयासेंतला ऑर्गन बनवणारे कुतूर मेस्त्री मला शिकाऊ म्हणून घ्यायला तयार आहेत. तेहतिसाव्या वर्षी शिकाऊ! उन्हाळ्यात ते आपल्या चर्चचा ऑर्गन दुरुस्त करायला आले होते. मी त्यांच्यामागून त्याच्या माणसाएवढ्या लाकडी नळ्यांमध्ये शिरलो तो जेवायच्या हाका ऐकूनही बाहेर आलो नाही. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. करवत पाइनमध्ये शिरली की माझ्या मनात येतं, हा वाजला कसा असता?

काय करू ते लिही. लोभ आहेच, या खेपेला थोडी अक्कलही पाठव.

तुझा
ऑरेल


क्वेबेक
२ नोव्हेंबर १९६१

चि. ऑरेल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बाबांसाठी आम्ही सगळ्या रोज प्रार्थना करतो. आईला सांग, रडून डोळे खराब करू नकोस, आणि बाबांना डाव्या हाताने जेवायची सवय लाव. भरवत बसलीस तर ते चिडतील आणि मग अजिबात जेवणार नाहीत.

आता तुझं. तू चार वर्षांचा असताना तुला घटसर्प झाला होता, श्वास घेताना तुझ्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायचा. आई अंगणात बर्फात गुडघे टेकून बसली होती आणि मी खिडकीतून बघत होते. हा वाचला तर मुलगी तुला देईन, असं ती देवाला मोठ्याने म्हणाली. मला ऐकू आलं. तू वाचलास. मी मोठी झाल्यावर तिचा शब्द पाळला. आता तुझी पाळी आहे. प्रत्येकाने आपल्याला आवडेल तेच करायचं म्हटलं तर गिरणी कोण चालवील? ह्युगेतशी लग्न कर. ऑर्गन रविवारी ऐकत जा.

वरच्या तळ्यापलीकडच्या लाकूडतोडीच्या छावण्यांत माणसं गेली का? घोडे कुणाचे घेतलेस? मोठ्या करवतीचा पट्टा बाबा उन्हाळ्यातच बदलणार होते, तो बदलला की नाही? पोतविनला सांग, बर्फ पडायच्या आत बांधाचं दार तपासून घे. डावीकडची बिजागरी नेहमी दगा देते; तो हो हो म्हणेल आणि विसरेल, तेव्हा तू स्वतः जाऊन उभा राहा. न्यूयॉर्कवाल्यांना जंगलाचा नकाशा दाखवू नकोस.

इथे सगळं ठीक. काल मुलींना त्रैराशिक शिकवत होते. एकीने उठून विचारलं, सिस्टर, तुमच्या प्रत्येक उदाहरणात ओंडकेच का असतात? पुढच्या वेळी सफरचंदं घालीन म्हणते.

काळजी घे, आणि ताईचं ऐकत राहा. त्यातच माझा आनंद.

तुझी
जर्मेन


सेंत-इयासेंत
७ जानेवारी १९६२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वरचा पत्ता बघितलास ना? आता आधी बसून घे.

तुझ्या पत्रात कर्तव्यावर एक परिच्छेद होता आणि बाकी सगळं पत्र गिरणीवर. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बिजागरी तपासली, तुझं खरं निघालं. पण गिरणी कोण चालवील, हा प्रश्न वाचताना मला हसू आलं आणि मग रडू आलं, ते असो.

नववर्षाच्या दिवशी सगळे जमले होते. सावारही सहकुटुंब आले होते; जेवणानंतर साखरपुडा जाहीर व्हायचा होता. आईने डुकराची अख्खी मांडी भाजली होती, घरभर वास सुटलेला. ओव्हरकोट ठेवतात त्या खोलीत ह्युगेतने मला गाठलं. म्हणाली, तुमच्या मनात नाही हे मला कळतं, माझ्याही नाही, पण मी नाही म्हटलं तर बाबा मला घराबाहेर काढतील. तुम्ही पुरुष आहात, तुम्हीच काय ते बोला. एवढं बोलून नाक पुसून, हसत बाहेर जाऊन बसली.

मग दर नववर्षाला गुडघे टेकून वडिलांचा आशीर्वाद मागतात ती वेळ आली. घरातल्या मुलांत थोरला आता मीच, म्हणून बाबांच्या खुर्चीपुढे सगळ्यांच्या वतीने मी गुडघे टेकले. आशीर्वाद मागायच्या ऐवजी मी म्हणालो, बाबा, मी ह्युगेतशी लग्न करणार नाही, गिरणीही मला चालवता येत नाही, मला जाऊ द्या. बाबांचा डावा हात अर्धा वर आला होता. तो त्यांनी खाली घेतला आणि खुर्चीचा दांडा धरला. काका, आत्या, लहान मुलं, सगळे गुडघ्यावरच राहिले, कुणाला उठावं की नाही कळेना. सावार टोपी घेऊन निघून गेले. आई एकच वाक्य म्हणत राहिली, याच्यासाठी मी मुलगी दिली, याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. आशीर्वाद न घेता निघालेला घरातला पहिला माणूस मी.

इथे मी झाडतो, सरस शिजवतो आणि लाकडावर टिचकी मारून कान लावतो. कुतूर मेस्त्री म्हणतात, तुझे हात मालकाचे आहेत, कान मात्र बरे आहेत. न्यूयॉर्कवाल्यांनी जूनपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. वसंतात ओंडके नदीतून नीट खाली आले तर कर्ज दिलेली बँक गप्प बसेल; नाही आले तर विक्री. मुखत्यारी अजून माझ्याच नावावर आहे आणि ती मला गळ्यातल्या धोंड्यासारखी वाटते.

शिव्या दे, पण पत्र लिही. तेवढा लोभ मला पुरेल.

ऑरेल


क्वेबेक
२० जानेवारी १९६२

चि. ऑरेल,

आशीर्वाद द्यायला हात उचलत नाही, तरी देते.

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की जेवणाच्या घंटेला मी जागची उठले नाही. नंतर कळलं, तो राग तुझ्यावर नव्हता. मदर, पुढचं तुम्ही वाचालच. कृपा करून खोडू नका.

मी नवस फेडायला मठात आले असं आई समजते, तूही समजतोस. तसं नाही. एकोणीस वर्षांची होते. छावण्यांत बाबांबरोबर हिंडायची, झाड बघून त्यात किती फळ्या निघतील ते त्यांच्याआधी सांगायची. एकदा मी त्यांना म्हणाले, मला कचेरीत घ्या, गिरणी मी सांभाळीन. ते खूप हसले. म्हणाले, जर्मेन, तू दोन मुलांच्या तोडीची आहेस, पण मुलगा नाहीस त्याला काय करणार. आणि तू शेजारच्या खोलीत भर दुपारी झोपला होतास, तुला उठवून म्हणाले, चल, तुझी गिरणी दाखवतो.

मी पुढच्याच महिन्यात मठात आले. गिरणी नाही तर कुणाचं स्वयंपाकघरही नको, असा माझा राग होता. आईला आनंद झाला, तिचा नवस पुरा झाला. पुढे राग निवळला आणि प्रार्थना उरली. इथे मला चांगले दिवस मिळाले हेही तितकंच खरं. पण दर वसंतात बर्फ फुटायला लागलं की माझं ध्यान लागत नाही. जपमाळ हातात असते आणि मन वरच्या तळ्यावर.

तुला कर्तव्य शिकवणारी मी कोण? मी मदरकडे एका वर्षाची रजा मागितली आहे, आजारी वडिलांना मदत करायला म्हणून. ते खरं आहे, पण पूर्ण खरं नाही, आणि तेही मी मदरना सांगितलं. रजा मिळाली तर मुखत्यारी माझ्या हवाली कर. तोवर काही विकू नकोस.

थंडीत गळा झाकून फिर. लोभ कमी झालेला नाही.

जर्मेन


क्वेबेक
१२ फेब्रुवारी १९६२

श्री. ऑरेल गॉद्रो यांस,
प्रभूचे आशीर्वाद.

इतकी वर्षं तुमची पत्रं तुमच्या बहिणीआधी मी वाचत आले, तेव्हा आपली ओळख नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. बिशपसाहेबांच्या पोटाबद्दलच्या ओळी मी खोडल्या, पण दोनदा वाचून.

सिस्टरना एका वर्षाची परवानगी मिळाली. ती मिळवताना मला वर बरंच ऐकून घ्यावं लागलं. मठाचं दार वाऱ्याने उघडझाप करणारं नसतं, असं मला सुनावण्यात आलं. एक उत्तम गणित शिकवणारी बाई आम्ही गमावतो आहोत. ती परत येईल की नाही हे मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही, आणि तेच तिला छळतं आहे. पंचवीस मुली रडल्या. मोटारीत बसताना तिने मागे पाहिलं नाही. मोटार फाटकाशी वळली तेव्हा मात्र पाहिलं.

तुम्ही सुटलात असं समजू नका. तुमच्या वाट्याचं तिने उचललं आहे; तुम्ही घेतलेलं काम तरी नीट करा. वाईट वाजणारा ऑर्गन मला सहन होत नाही.

आपली हितचिंतक,
मदर सेंत-लेओकादी


आन्स-ओ-बुलो
१८ मार्च १९६२

चि. ऑरेल यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले मुखत्यारीचे कागद मिळाले. वकिलांनी चष्मा पुसून पुसून ते वाचले.

आईने दार उघडलं आणि माझ्या डोक्याकडे बघत राहिली. मठाची ओढणी नाही, कापलेले केस, अंगावर तिचाच जुना निळा कोट, मी मठात जाताना घालून गेलेला. मला वाढते, अंथरूण घालते, पण हाक मारते ती ‘सिस्टर’ म्हणून, घरी पाहुणी आल्यासारखी. ब्लूबेरीचा मुरंबा समोर ठेवून म्हणाली, सिस्टर, परत कधी निघायचं? दर रविवारी तू फोन करतोस ना, ती तुझं बोलणं ऐकत नसते, तू खोकतोस का ते ऐकत असते. तिची खात्री आहे की देव दिलेलं परत मागणार.

बाबांनी तर खुर्चीच भिंतीकडे फिरवून घेतली. मी रोज त्यांच्यामागे उभी राहून गिरणीतलं सगळं सांगते: आज स्प्रूसचे इतके ओंडके आले, अमक्या घोड्याचा पाय मुरगळला, सावारांनी माणसं फोडायचा प्रयत्न केला. पाठ उत्तर देत नाही. पण काल मी मुद्दाम करवतीच्या पट्ट्याचं माप चुकीचं सांगितलं, तर मान ताठ झाली. ऐकतात म्हणजे.

कामगारांना मला काय म्हणावं कळत नाही. कुणी मालकीणबाई म्हणतं, कुणी सिस्टर, एकाने गडबडीत मदर म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसले, तेव्हा जरा बरं झालं. न्यूयॉर्कवाले येऊन गेले. त्यांतला मोठा म्हणाला, बाईंनी उगाच त्रास का घ्यावा. मी त्यांना चहा दिला, नकाशा दाखवला नाही.

पहाटे न वाजणाऱ्या घंटेने जाग येते. गुडघे टेकते, आणि प्रार्थनेत मधेच बांध, पाणी, बर्फ येतं. मठात होते तेव्हा इथली होते, इथे आले तर तिथली झाले. माझं चूक आहे का रे? इथे कुणाला विचारणार.

पत्र धाडत जा. त्यावरच दिवस निघतो.

जर्मेन


आन्स-ओ-बुलो
१० एप्रिल १९६२

चि. ऑरेल,

तुला न्यूमोनिया झाला, इस्पितळात आहेस, शुद्ध नाही, अशी कुतूर मेस्त्रींची तार सोमवारी आली.

आईने तार वाचली, वर गेली, आणि माझी पेटी भरून खाली आणून दाराशी ठेवली. ओरडली नाही. हात जोडून म्हणाली, जा, अजून वेळ आहे, तू गेलीस तर देव त्याला सोडेल. ऑरेल, ती माझ्या पाया पडायला लागली होती.

मी गेले. पेटी घेऊन स्टेशनच्या बाकावर बसले. मला त्यातलं काही पटत होतं असं नाही. पण चार वर्षांचा तू, गळ्यातली ती शिट्टी, सगळं पुन्हा कानात आलं. गाडी आली. गार्डाने पेटीला हात घातला. मी म्हणाले, राहू द्या. मुलाचा जीव घेऊन मुलगी वसूल करणारा देव मी इतकी वर्षं ज्याच्यापुढे बसले तो नव्हे, एवढंच मला त्या क्षणी वाटलं. गाडी गेली आणि लगेच भीती वाटली की हा माझा विश्वास आहे की नुसता हट्ट?

आई आता माझ्याशी बोलत नाही.

तू मेलास तर मी काय करीन मला माहीत नाही. मरू नकोस. थोरल्या बहिणीची आज्ञा आहे.

जर्मेन


सेंत-इयासेंत, इस्पितळ
१९ एप्रिल १९६२

ती. आईस,
ऑरेलचा शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडंतिकडं आहे, पण माझंच आहे. ताप उतरला. डॉक्टर म्हणतात, धोका टळला. नर्सबाई मला लापशी खायला घालते आणि नाही खाल्ली तर रागावते, तेव्हा मी चांगल्या हातांत आहे.

ताईचं पत्र मला इथे वाचून दाखवलं. आई, तू घाबरलीस याचा मला राग नाही. बर्फात माझ्यासाठी कोण बसलं होतं? तूच ना. पण आता शांतपणे विचार कर. मी या वेळी वाचलो तेव्हा ताई मठात नव्हती. घरी होती, तुझा जुना कोट घालून गिरणीत उभी होती. तरी मी वाचलो. म्हणजे पहिल्या वेळचं तू नवसाचं धर, या वेळचं देवाने आपणहून दिलं असं धर. तिला आता मोकळं कर. मलाही कर. माझ्या प्रत्येक श्वासाबद्दल तिने बांधलेलं राहावं, हे ओझं घेऊन मला जगता येत नाही.

मी परत येणार नाही, आई. आजारपणात पश्चात्ताप होईल असं वाटलं होतं, झाला नाही. पडण्याआधी मी एक नळी केली होती, साधीच, पाइनची. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, मेस्त्रींनी नाक मुरडलं. पण फुंकल्यावर वाजली गं.

बाबांना नमस्कार. घेतील तर.

तुझा
ऑरेल


आन्स-ओ-बुलो
१३ मे १९६२

चि. ऑरेल यास,
अनेक आशीर्वाद.

तू उठून बसतोस, भांडतोस, असं मेस्त्रींनी कळवलं. बरं वाटलं. आता ऐक.

गेल्या आठवड्यात वरचं तळं मोकळं झालं. हिवाळाभर तोडलेले सगळे ओंडके बांधामागे दाटीने उभे, पाणी तासातासाला चढत होतं. गाव काठावर लोटला होता, न्यूयॉर्कवालेही टोप्या धरून उभे होते. तुझं पत्र आल्यापासून आई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, पण त्या दिवशी तिनेच बाबांची खुर्ची ढकलत आणली. बाबांनी पाणी बघितलं आणि म्हणाले, उघड. पोतविनचा हात बांधाचं दार उचलायच्या रहाटावर गेला.

मी नको म्हणाले. सकाळीच मी नदीच्या खालच्या वळणापर्यंत चालत गेले होते. तिथलं बर्फ काळं पडलं होतं, पण हललं नव्हतं. दार उघडलं असतं तर सगळं लाकूड त्याच्यावर जाऊन चढलं असतं, आणि ते सोडवायला माणसं पाठवावी लागली असती. त्यांतली सगळी परत येत नाहीत हे बाबांइतकं कुणाला ठाऊक? पण बांध कण्हत होता हेही खरं. तो फुटला असता तर तेही माझ्याच माथी. बाबा पुन्हा म्हणाले, उघड. खुर्चीचा दांडा आपटून म्हणाले. पोतविन त्यांच्याकडे बघे, माझ्याकडे बघे. बिचाऱ्याची तीस वर्षं एकाच आवाजावर गेलेली. मी रहाटासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, आज नाही.

कुणी घरी गेलं नाही. न्यूयॉर्कवाल्यांतला मोठा मोठ्याने म्हणाला, बाई घाबरली. खोटं नव्हतं, घाबरले होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी बांधाच्या वरच्या फळीला लागलं आणि मी मनात म्हटलं, चुकलीस. तेवढ्यात खालून आवाज आला. वळणावरचं बर्फ गेलं. पोतविन धावत आला, थेट बाबांपाशी, सवयीनेच, आणि धापा टाकत विचारू लागला, मालक, आता उघडू का?

बाबा नदीकडे बघत होते. मग डावा हात माझ्या दिशेने थोडा हलवून म्हणाले, तिला विचार.

मी उघडा म्हणाले. दुपारभर लाकूड जात होतं, एकही अडलं नाही, एकही माणूस पडला नाही. आई तोंडाला रुमाल लावून बघत राहिली आणि ओंडके संपले तरी तिथून हलली नाही.

न्यूयॉर्कवाले काल गेले. सावारांचं पत्र आलं आहे, लग्नाशिवायही दोन गिरण्यांचं काही जमेल का म्हणून. ह्युगेत माँट्रियलला टायपिंग शिकते आहे, तिने तुला आठवण कळवली आहे. बाबा माझ्याशी अजून गोड बोलत नाहीत. काम नीट झालं नाही की खेकसतात, पूर्वी पोतविनवर खेकसायचे तसे. मला ते आशीर्वादासारखं लागतं.

सगळं छान झालं असं समजू नकोस. मदरना अजून काही कळवलेलं नाही. त्या पंचवीस मुली डोळ्यांसमोर येतात. चर्चमध्ये लोक माझ्याकडे वळून बघतात, आणि मीही देवाकडे पूर्वीसारखं सरळ बघू शकत नाही, जरा खाली मान घालते. पण ऑरेल, मी परत जाणार नाही. हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगते आहे.

तब्येत सांभाळ. माझ्यावर लोभ ठेव. यापुढे मला तो जास्त लागेल.

तुझी
जर्मेन